अर्धलीची कोंबडी

विक्रमने शेडचं कुलूप काढलं तेव्हा अंगात लग्नातला सिल्कचा सदरा होता आणि केसांत अक्षतांचे दोन-चार दाणे अडकलेले होते. दार ढकललं, तर ते आत जाईना. दारामागे कोंबड्या एकीवर एक पडल्या होत्या. त्याने खांदा लावून फट केली, हात आत घातला आणि पहिली कोंबडी पायाला धरून बाहेर ओढली. मग दुसरी, मग तिसरी. चौथीनंतर त्याने मोजणं सोडलं.

शेडच्या मागच्या अंगाला त्याची आई, सरूबाई, मातीतच बसली होती. शेजारी विळा पडला होता. हिरव्या शेडनेटला तिने माणूसभर उंचीची चीर पाडली होती, पण नेटच्या आत तारेची जाळी होती आणि ती काही विळ्याला दाद देत नव्हती. शेवटी तिने जाळीचा खालचा कोपरा हातांनी उचकटला. तेवढ्या वाटेने तीन कोंबडे आणि एक तरणी कोंबडी बाहेर निघाली होती. सरूबाईची बोटं रक्ताळली होती.

"लाइट कवा गेली?" विक्रमने विचारलं.

"बाराला. फोन केला तुला. नऊ डाव केला."

फोन खिशातच होता, शेडच्या चावीला लागून. दौंडच्या मंगल कार्यालयात बायकोच्या भाच्याचं, पृथ्वीराजचं लग्न होतं आणि वरातीच्या वाजंत्रीपुढे माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तिथे फोनची काय कथा.

त्या दिवशी पारा त्रेचाळिसाच्या पुढे गेला होता. विक्रमने आपल्या परीने काही बाकी ठेवलं नव्हतं. पत्र्यावर पाण्याचे तुषार, आत चार पंखे, बारीक फवारा सोडणारे फॉगर, चारही बाजूंनी दुहेरी शेडनेट आणि झळ शिरू नये म्हणून त्यावर भिजवलेली गोणपाटं. झळ आत शिरली नाही हे खरं. पण विजेचा डीपी जळाला, पंखे थांबले आणि आतली वाफ बाहेर जायलाही वाट उरली नाही. लिंबाखाली मोकळ्या असत्या तर चोची वासून, पंख पसरून कोंबड्यांनी ते ऊन कसंबसं काढलं असतं. शेड व्हायच्या आधीचे सगळे उन्हाळे त्यांनी तसेच काढले होते. कुलूप चोरांसाठी होतं, आणि चोर काही आला नाही.

संध्याकाळी ऊस तुटलेल्या रानात खड्डा घेतला. एकाहत्तर पक्षी गेले. वाचलेली तरणी कोंबडी उजाडेपर्यंत टिकली नाही. मशीनमध्ये उबायला ठेवलेली अंडी विक्रमने एकेक करून उजेडासमोर धरली. सगळी गढूळ निघाली. तीन कोंबडे तेवढे राहिले, आणि नुसत्या नरांवर वंश चालत नाही हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

सरूबाई बोलली असती, रडली असती, तर विक्रमला सोपं गेलं असतं. ती वेळेवर जेवायची, ओट्यावर बसायची आणि शेडच्या दिशेला पाठ करायची.

हे असील जातीचे पक्षी सरूबाईने माहेराहून आणले होते, दौंडकडच्या भीमाकाठच्या गावाहून, रुखवताच्या सामानात एक डालगं वाढवून. दोन कोंबड्या आणि एक कोंबडा. ताठ मानेचे, उंच पायांचे, तुरा बसका आणि डोळे मोत्यासारखे पांढरट. अंडी बेताचीच देणार, पण एकदा अंड्यांवर बसली की साप फिरकला तरी कोंबडी उठणार नाही. पंचावन्न वर्षांत सरूबाईने बाहेरचं रक्त त्यात येऊ दिलं नव्हतं. कोंबडा कुणी मागितला तर ती देऊन टाकायची. कोंबडी मात्र विकायची नाही, फुकट द्यायची नाही. द्यायची ती अर्धलीने.

अर्धलीची रीत साधी होती. कोंबडी दुसरीच्या घरी पाळायला द्यायची. पिल्लं मोठी झाली की पाळणारीने त्यांचे दोन वाटे करायचे आणि देणारीने येऊन हवा तो वाटा उचलायचा. वाटे करणारीला निवड नाही, त्यामुळे वाटे कधी वाकडे पडत नसत. आपल्या निमोण्यापासून तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत अकरा घरांत सरूबाईच्या कोंबड्या होत्या. देण्याआधी ती प्रत्येकीच्या डाव्या पायाची कडेची नखी छाटायची, ही तिची खूण.

तीन वर्षांपूर्वी विक्रमने शेड बांधलं, रस्त्यावर फार्मचा फलक लावला, मोबाइलवर व्हिडिओ टाकले. लांबलांबून लोक बघायला येऊ लागले. मग त्याला वाटलं, आपला माल अकरा जणांच्या अंगणात का फिरावा? त्याने पांढरा पिकप काढला आणि एका आठवड्यात सगळ्या कोंबड्या गोळा करून आणल्या.

"बी एका घरात ठिवू नये," सरूबाई तेव्हा म्हणाली होती. "मानमोडीची साथ आली तर एक घर रिकामं व्हतं. अकरा व्हत न्हाईत."

"आता लस आसती, आई," विक्रम म्हणाला होता.

दहा घरांनी कोंबड्या मुकाट्याने दिल्या. अकरावं घर तळेगावच्या सगुणाबाईचं. ती सरूबाईची जुनी मैत्रीण, फुलांची शेती करणारी. विक्रम लहान असताना तिच्याकडे उन्हाळ्यात आठ-आठ दिवस राहायचा. ती म्हणाली, दोन्ही कोंबड्या मुंगसाने नेल्या. विक्रमचा विश्वास बसला नाही. शेजारपाजारच्या चार बायका बघत असताना तो वाकला, तिच्या खुराड्यात हात घालून चाचपलं आणि मग चुलीमागेसुद्धा बघून आला. हाताला काही लागलं नाही. त्यानंतर सगुणाबाई निमोण्याला आली नाही. सायलीच्या, म्हणजे विक्रमच्या मुलीच्या लग्नालाही नाही.

कोंबड्या मेल्याच्या दहाव्या दिवशी विक्रमची बायको सुलक्षणा त्याला चहा देताना म्हणाली,

"सगुणामावशींकडं जाऊन या एकदा."

"तिच्या तर मुंगसानं नेल्या."

"म्हणून तर म्हणते. ज्या शेडात आल्या नाहीत, त्याच राहिल्या असतील."

विक्रमने कप खाली ठेवला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. त्याला ती जरा उशिरा का होईना, आली होती. दुसरा दिवस त्याने लिंबाखाली घालवला. शेणमातीने लिंपून, वर पाचटाचं छप्पर घालून, चारही अंगांनी वारा खेळेल असं एक नवं खुराडं त्याने स्वतःच्या हाताने केलं. त्याला दार होतं, कडी होती, पण कुलपाची जागा त्याने ठेवली नाही. बाराव्या दिवशी सकाळी तो न्हावऱ्यावरून तळेगावला गेला.

सगुणाबाई शेवग्याखाली मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. उमललेल्या एका बाजूला, मिटलेल्या दुसऱ्या. पिकप ओळखूनही तिचे हात थांबले नाहीत.

"या," ती म्हणाली. पूर्वी ती 'ये रं' म्हणायची. "करिश्मा, पानी आन गं. निमोन्याचं पावनं आल्यात."

सून पाण्याचा तांब्या ठेवून दाराशी उभी राहिली. विक्रम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला.

"ऊन लय हाय औंदा," तो म्हणाला.

"उन्हाळ्यात ऊनच आसनार."

मोगऱ्याच्या ओळींना नुकतंच पाणी दिलेलं होतं. त्या ओल्या सरीतून एक कोंबडी बाहेर आली. मान ताठ, पाय उंच. मागे नऊ पिल्लं. अंगणाच्या मधोमध येऊन तिने माती उकरली आणि एक डोळा वर करून विक्रमकडे पाहिलं. डोळा पांढरट होता. तिच्यामागे, गळक्या नळाच्या चिखलात पोट टेकून दुसरी एक म्हातारी कोंबडी बसली होती. तिच्या डाव्या पायाची कडेची नखी छाटलेली होती.

दाराशी उभी असलेली करिश्मा ताठ झाली. सगुणाबाईने मात्र मान वर केली नाही. लपवायचं असतं तर पिकपचा आवाज आल्यापासून तिला भरपूर वेळ मिळाला होता.

विक्रमच्या जिभेवर 'माझी' हा शब्द आला. तीन वर्षं तो खोटं बोलला नव्हता, तीच बोलली होती. पुरावा समोर चिखलात बसला होता. आणि त्याच वेळी त्याला इतकं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणी येतंय की काय याची भीती वाटली. त्याने तांब्या तोंडाला लावला.

"हितं मुंगूस..." त्याने सुरुवात केली आणि मधेच थांबला.

"हाय की," सगुणाबाई म्हणाली. "लय मोटं हाय. पांढऱ्या पिकपमधनं येतंय."

करिश्मा तोंडाला पदर लावून आत गेली. विक्रमचे कान गरम झाले. 

"मावशी," तो म्हणाला, "मला एक कोंबडी अर्धलीनं द्या."

"कुनाला?"

"मला."

"तुमच्याकडं तर मोटं शेड हाय म्हनं. फलक बी हाय."

"शेड हाय. कोंबड्या न्हाईत."

निमोण्याच्या खड्ड्याची बातमी पंचक्रोशीत फिरली होती. ती तळेगावला पोचली नसेल असं शक्यच नव्हतं. तरी सगुणाबाई म्हणाली,

"काय झालं त्ये सांगा की."

मग विक्रमने सांगितलं. बारा दिवसांत त्याने हे अनेकांना सांगितलं होतं, पण प्रत्येक वेळी त्यात डीपी असायचा, ऊन असायचं, नशीब असायचं. आजही त्याने तिथूनच सुरुवात केली. सगुणाबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं,

"चावी कुठं व्हती?"

"खिशात."

"कुनाच्या?"

"माझ्या."

"आन् सरू?"

"आई बाहेर व्हती. शेडच्या बाहेर."

"एकटी?"

"व्हय. विळ्यानं नेट फाडत व्हती. मी आलो तवा बोटांतनं रगत येत व्हतं तिच्या."

सगुणाबाईचे हात पहिल्यांदा थांबले. तिने पुढ्यातल्या कळ्या बाजूला सारल्या. मग पदराने तोंड पुसलं, आणि पुसूनही पदर तिथेच धरून ठेवला.

"करिश्मा, डालगं काढ," ती म्हणाली. "ती पिवळ्या पायाची धर. पिल्लांची नगं." मग विक्रमकडे वळली. "पर रीत म्हंजी रीत. अर्धलीची कोंबडी बापयाच्या हातात देत न्हाईत, घरच्या बाईच्या हातात देत्यात. आन् ती कुठं निजनार ती जागा देनारीनं बघायची. सरूनं मला दिली तवा माज्या खुराड्यात हात घालून बघितलं व्हतं."

तिने कळ्यांवर ओला फडका टाकला.

"तुमी बी बघितलं व्हतं, पर त्ये निराळं."

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलंच," सगुणाबाई म्हणाली. "ऊन कललं की निघू. तवर जेवा."

साडेपाचला ते निमोण्याला पोचले. सगुणाबाई डालगं मांडीवर धरून पुढच्या सीटवर बसली होती. वाटेत ती एवढंच बोलली की गाडी हळू घ्या, तिला हिसके बसत्यात. सरूबाई ओट्यावर होती. पिकपमधून कोण उतरतंय हे दिसलं तशी ती उठून उभी राहिली.

"आलीस व्हय," ती म्हणाली.

"आले."

तीन वर्षांचं बोलणं तेवढ्यात उरकलं. सगुणाबाईने डालगं ओट्यावर ठेवलं आणि ती आधी शेडकडे गेली. नेटची चीर तशीच लोंबत होती. आत जाऊन तिने पत्र्याला हात लावला आणि चटकन काढून घेतला. ऊन उतरलं तरी पत्र्याची धग उतरली नव्हती. मग ती लिंबाखालच्या खुराड्यापाशी आली, वाकली, आत हात घातला, लिंपण चाचपलं. ती परत ओट्याशी आली, डालग्यातून कोंबडी काढून तिने सरूबाईच्या हातात दिली.

"अर्धलीनं देतीया. निवड माझी."

"तुझीच," सरूबाई म्हणाली.

तिने कोंबडीचा पंख उलगडून पाहिला, वजन तोललं, मान हाताने वळवून डोळा पाहिला. बारा दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला. तिने डावा पायही पाहिला. नखी शाबूत होती.

"तुला दिल्याल्या काळीची नात," ती म्हणाली.

"पनती. नात घरी हाय, नऊ पिल्लं घिऊन."

तुझ्या तर मुंगसाने नेल्या होत्या, असं सरूबाई म्हणाली नाही. तिला हे आधीपासून माहीत होतं की आत्ता कळलं, हे विक्रमला तिच्या चेहऱ्यावरून सांगता येईना, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही एवढं त्याला समजत होतं.

"आई, लिंबाखाली जागा केलीया," तो म्हणाला. "मी सोता केलीया. कुलूप न्हाई."

सरूबाईने तिकडे पाहिलं. खुराडं खरोखरच नीट झालं होतं.

"चांगली केलीस," ती म्हणाली. मग कोंबडी काखेला मारून ओट्यावरून उतरली. "सगुने, चल. धुरपदाकडं जाऊ."

धुरपदाबाईचं घर बांधापलीकडे होतं. विक्रमने ज्या दहा घरांतून कोंबड्या उचलल्या होत्या, त्यांतलं ते पहिलं.

"आई, अगं जागा हाय की हितं."

"हाय. एक साल मोकळी र्‍हाऊ दे."

आवाजात राग नव्हता. राग असता तर विक्रमने समजूत घातली असती, शपथ घेतली असती. त्याला वाईट वाटलं, फार वाटलं. पण आपल्यावर अन्याय झाला असं मात्र वाटलं नाही. दोघी म्हाताऱ्या बांधावरून निघाल्यासुद्धा. धुरपदाबाईकडे असील कोंबडा नव्हता. विक्रम मागे वळला, वाचलेल्या तिघांतला सगळ्यात उमदा कोंबडा त्याने धरला आणि त्यांच्या मागे चालू लागला. आठ-दहा दिवसांनी तो परत आणायचा, असा त्याचा हिशेब होता.

धुरपदाबाई मेंढ्यांना पाणी दाखवून नुकतीच टेकली होती. सगुणाबाईने तिला काय ते सांगितलं. अर्ध्या वाट्याचा पुन्हा अर्धा वाटा कसा करायचा, यावर तिघींचं थोडं बोलणं झालं आणि मिटलं. धुरपदाबाईने कोंबडी हातात घेतली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या विक्रमकडे पाहिलं.

"आन् परत न्यायला कवा येनार?"

विचारण्यात कुचकेपणा नव्हता. गेल्या वेळी तो न सांगता आला होता, एवढंच.

"माझी न्हाई ती, काकू," विक्रम म्हणाला. "मावशींची हाय."

"आन् ह्यो कोंबडा?"

कोंबडा त्याच्या काखेत धापा टाकत होता. सरूबाई बाजेवर बसून पदराने वारा घेत होती. तिचा हात थांबला.

"तुमचा," विक्रम म्हणाला आणि त्याने कोंबडा खाली सोडला.

"मंग बस की," धुरपदाबाई म्हणाली. "उभा का?"

अंगणात एकच बाज होती. सरूबाई जरा पलीकडे सरकली.